हुबलाक म्हणजे काय? केदारखेड्याची एक फेरी

बाबा गेले तेव्हा त्यांच्या तोंडचा शेवटचा शब्द होता ‘हुबलाक’. माझ्याकडे बघून म्हणाले आणि डोळे मिटले. ताईच्या मते ती शिवी होती, आणि मलाच होती. माझ्या मते आशीर्वाद. दोन वर्षं आम्ही बहिणी यावरून भांडलो. लहानपणी बाबांच्या तोंडून ‘जल्दी आवर’, ‘बिलकुल न्हाई’ रोज ऐकलं होतं. हा शब्द मात्र कधीच नाही. शेवटी पुण्याहून त्यांच्या गावी, केदारखेड्याला जाऊन अर्थ विचारायचा, असं मी ठरवलं.

सकाळी जालन्याला उतरले, स्टेशनबाहेर गरम पोहे खाल्ले आणि एसटी धरली. बायकांना तिकीट अर्धं, पण खिडकी पूर्ण मिळाली. वाटेत राजूरच्या गणपतीला थांबणार असाल तर चतुर्थी टाळा. मी नेमकी त्याच दिवशी गेले. रांगेत मागच्या बाईंना सहज विचारलं.

“हुबलाक? गालफुगी!” त्या ठामपणे म्हणाल्या.

केदारखेड्याच्या फाट्यावर चहा घेतला. हॉटेलवाले म्हणाले, “हुबलाक म्हंजे चालता चालता बसकन मारणारा बैल.”

शेजारचे निवृत्त गुरुजी उखडले. “बिलकुल न्हाई! उर्दू शब्द हाये. कोर्टातला!”

दोघांची अशी जुंपली, की माझा चहा निवला. शेवटी गुरुजींनी मी कुणाची ते विचारलं. बाबांचं नाव सांगितलं.

“तुकारामची पोरगी? मंग दौलतला विचार ना! लहानपणी दोघं संगंच ऱ्हायचे.”

दौलतकाका ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी शब्द उच्चारला आणि त्यांचे हात थांबले.

“तो मी हाये, माय.”

“म्हणजे?”

“इहिरीत पह्यल्यांदा उडी मारली, वर आलो तं नाकातोंडात पाणी. ‘वाचवा’ म्हनाया गेल्तो, ‘हुबलाक’ निघालं. तुझा बाप हसून हसून लोळला. तवापासून मला तेच म्हनायचा. दुसऱ्या कोनाला म्हनू देत नव्हता.”

बाबांचा शेवटचा शब्द तोच होता, हे मी सांगितलं. काकांनी शेंगा बाजूला सारल्या.

“कसा म्हन्ला? चिडून, का हाक मारल्यावानी?”

“हाक मारल्यासारखं.”

काका उठले, अंगणाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं ओरडले, “ओ!”

काकू घाईघाईनं बाहेर आल्या. “कोन बोलावून राह्यलं?”

“तुका.”

काकू क्षणभर थबकल्या. “मंग त्याला म्हना, जेवल्याबिगर जायचं न्हाई.”

पिठलं-भाकरीची चार ताटं वाढली गेली. चौथंही काकांनीच संपवलं.

घरी आल्यावर ताईला फोन केला.

“म्हणजे आपल्याला ते काहीच म्हणाले नाहीत?” तिनं विचारलं.

“नाही.”

मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. पण दवाखान्यात शेवटच्या घटकेला बाबांना आपला मित्र दिसला, हे कळून उलट बरंच वाटत होतं. ताई आधी हसली, मग रडली.

“काकांचा नंबर दे,” ती म्हणाली. “बाबा लोळून हसायचे म्हणजे कसे, ते विचारायचंय. मी त्यांना तसं कधी पाहिलंच नाही गं.”