सूर्यफुलांच्या पाठी

माझा धाकटा दीर तेलबियांच्या अनुदान कार्यालयात कारकून होता. जन्मभर त्याने एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे लोकांचे अर्ज परत पाठवणं. त्यातून सख्खी वहिनीही सुटली नाही.

अर्जाला जोडायच्या फोटोत पिकामागे रस्त्याची पाटी दिसलीच पाहिजे, असा नियम. रस्ता आमच्या शेताच्या पूर्वेला आणि फुलांची तोंडंही पूर्वेलाच. पाटी घ्यायला गेलं की फुलांच्या नुसत्या पाठी दिसायच्या.

"भावजी, याच शेतात लहानाचे मोठे झालात ना? सूर्यफूल ओळखू येत नाही?"

"मला येतं, वहिनी. पण फोटोत दिसत नाही," असं म्हणत मेल्याने शेरा मारला, 'पीक ओळखता येत नाही.' सलग सहा वर्षं!

निवृत्त झाल्यावर त्याने शेजारच्या आपल्या वाटणीत सूर्यफूलच लावलं. नव्या कारकुनाने त्याचाही अर्ज परत केला आणि शेजाऱ्याची लेखी साक्ष मागितली. शेजारीण मीच.

काल आला दारात, गोगलगाय होऊन. "वहिनी, पीक कोणतं ते लिहून तेवढी सही द्या."

मी चष्मा लावला, फोटो नीट निरखला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पीक ओळखता येत नाही.' खाली सही ठोकली.

पेन त्याचंच होतं.