चार शेजारी आणि माधव

माधव गेल्याची तार आली तेव्हा मी वर्गावर होतो. तास पुरा केला. मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे त्याचे गोडवे गेले काही आठवडे ऐकतोय... माझ्याकडून ते व्हायचं नाही.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. बेलापुरात मला खोली मिळेना; आम्ही बौद्ध, हे कळलं की घरमालकांच्या खोल्या अचानक भरलेल्या असायच्या. माधवने आपल्या घराची मागची खोली न विचारता दिली. चुंबक तापवत नेला की एका ठरावीक तापमानाला त्याचं चुंबकत्व जातं, ते नेमकं कसं, यावर त्याची पीएचडी चालली होती. कॉम्प्युटर मुंबईला. प्रोग्रामच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा खोका मांडीवर घेऊन एसटीने जायचं, पाळी लागली तर लागली. म्हणून आधी ओटीवर खडूने चौकटी आखून आम्ही फोडलेले चिंचोके मांडायचो. पांढरी बाजू वर ही एक दिशा, काळी ही उलटी. प्रत्येकाने फक्त आपले चार शेजारी बघायचे आणि बहुतेक वेळा त्यांच्यासारखंच वळायचं. बहुतेक वेळा, नेहमी नाही. चारही विरुद्ध गेले तरी एकट्याने टिकून राहायची थोडी संधी माधव प्रत्येक चिंचोक्याला द्यायचा, फासे टाकून. "जरा तरी ऊब आहे तोवर ही मुभा काढता येत नाही," म्हणायचा.

मग माझी आई राहायला आली आणि तिने भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. आधी गवळी यायचा थांबला. समोरच्या काकूंनी हळदीकुंकवाला कुसुमवहिनींना, माधवच्या बायकोला, वगळलं. "बघ, कडेपासून वळायला लागले," माधव हसत म्हणाला. मीही हसलो. दोघं मोठे शहाणे! शेवटी शेजारचे तात्या माधवकडे आले. "सर, तुमी शिकलेली मानसं, उद्या बदली करून जाल. आमाला हितंच ऱ्हायचं हाय. ईहीर सामाईक हाय."

दुसऱ्या दिवशी ओटीवर चिंचोके मांडलेलेच होते. माधव त्यांच्याकडे बघत म्हणाला, "चारी बाजूंनी वळले रे... मी एकटा किती दिवस..."

"फासे टाक ना," मी म्हणालो.

त्याने फाशांना हात लावला नाही. आई वळकटी डोक्यावर घेऊन पुढे चालू लागली, तसबीर काखेत. गावात दुसरी खोली मिळणार नव्हतीच. नोकरी सोडून मी अकोले तालुक्यातल्या शाळेत आलो आणि माझं संशोधन तिथंच संपलं. माधवने प्रबंध पुरा केला, आणि पदवी हातात पडायच्या आत हृदयविकाराने गेला. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं.

दिवस झाल्यावर भेटायला गेलो. वहिनींनी मागची खोली उघडून दाखवली. झाडलेली, सारवलेली, भिंतीत खिळा तसाच.

"तुमच्यानंतर कुणालाच दिली नाही त्यांनी. म्हणायचे, ही त्याचीच आहे."

मी पुढे होऊन त्या खिळ्याला हात लावला, खोटं कशाला सांगू. पण त्याने रिकामी खोली माझ्या नावाने ठेवायला गावात कुणाचीच हरकत नव्हती.