मिरचीवर बांधलेली कौलारू वसाहत

आधी रमणकाकांचं नाव घेतो, मग बाकीचं. रमणकाका आमच्या ऑफिसचे घरमालक. तापीकाठी त्यांची केळी, नंदुरबारात ही इमारत. खाली ते, वर आम्ही. ते नसते तर आज मी मालवणात चुलत्याकडे आंब्याच्या पेट्या ठोकत असतो. ते काम वाईट नाही. पण हातोडी आणि माझा अंगठा यांचं पटत नाही, हे नववीत शाळा सोडली तेव्हाच कळलं होतं.

तर गिऱ्हाइकाला काम दाखवायच्या, म्हणजे डेमोच्या, आदल्या दिवशी दुपारी काका वर आले. पाण्याच्या टाकीचं विचारायला आले होते, पण सिम्युलेटर चालू दिसला तसे थेट खुर्चीत बसले.

"चाल, माले मन्हा गावले ली चाल."

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर बसून विमान चालवायचं यंत्र. खुर्ची, दांडा, पेडल आणि समोर स्क्रीन. स्क्रीनवर खाली जो मुलूख दिसतो त्याला सीनरी म्हणतात. ती मी बनवतो. उपग्रहाने काढलेला फोटो डोंगर-सपाटीवर चादरीसारखा पसरायचा. पण फोटो तो फोटोच. त्यात घर म्हणजे नुसता डाग. म्हणून मी डागाभोवती रेघ मारून सॉफ्टवेअरला सांगतो, इथे घरं, इथे झाडं. मग तिथे ती आपोआप उभी राहतात. याला ऑटोजेन म्हणतात. सॉफ्टवेअर हुशार नसतं, आज्ञाधारक असतं. आमचं त्यामुळे जमतं.

हे काम एका फ्लाइंग स्कूलसाठी होतं. हवेत इंजिन बंद पडलं तर मोकळी जागा हेरून विमान कसं उतरवायचं, याचा सराव तिथली मुलं या सीनरीवर करणार होती. आमच्या वैशाली मॅडमनी मला साफ सांगितलं होतं, "डेमो पास झाला तर तू पर्मनंट. नाही झाला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." तेव्हापासून मी जेवत होतो, पण पोटाला ते कळत नव्हतं.

काकांनी विमान उडवलं. उडवलं म्हणजे, मी उडवलं, त्यांनी दांडा धरला. शहराची कड आली आणि ते पुढे वाकले.

"आठे घरं कोनी बांधात?"

"मी," मी म्हणालो. जरा अभिमानानेच. शहराबाहेर मोठाले लाल चौकोन दिसले होते, त्या सगळ्यांवर मी छान उतरत्या छपरांची कौलारू घरं उभी केली होती. आमच्याकडे कोकणात वरून लाल दिसतं ते कौल. डोंगरावरून गाव बघा, माडांत लाल ठिपके. दुसरं काही लाल असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

काका खोकला येईपर्यंत हसले. "येडा, हाई मन्हा साडूनी पथारी शे. मिरची वाळस आठे. तू तर मिरचीवर कॉलनी बसाडी."

मग मला मोटरसायकलवर मागे बसवून त्यांनी थेट माझ्या वसाहतीत नेलं. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. नजर पोचेल तिथवर लाल. तोंडाला फडकी बांधून बाया मिरची उलटत होत्या. मी उतरलो आणि शिंकायला लागलो. एक मावशी काकांना म्हणाली, "हाऊ कोन शे?"

"बिल्डर शे," काका म्हणाले. "तुमना डोकावर घरं बांधी ऱ्हायना."

शिंका आवरत मी म्हटलं, "काका, म्हणजे ही मोकळी जागा. घरं काढून टाकतो. विमान उतरवायला उत्तम."

काका पहिल्यांदाच गंभीर झाले. "आणि इमान उतरी तवय या बाया काय उडी जातीन का?"

मी ऑफिसात परतलो आणि मॅडमना सांगितलं, "मॅडम, मी मिरचीवर गाव वसवलंय." मॅडम इथल्याच. पण त्यांनी फक्त रनवे तपासला होता. त्यांनी डोक्याला हात लावला. "वरून मी तरी कधी बघितलंय? उडव ती घरं."

घरं उडवली. त्यांच्या जागी मिरचीचे ढीग ठेवले, एक ट्रक, आणि सॉफ्टवेअरच्या तयार चित्रांच्या लायब्ररीत सापडली तेवढी माणसं. लुगडं नेसलेली बाई काही मिळाली नाही, म्हणून टोपीवाले पर्यटक उभे केले.

डेमोला फ्लाइंग स्कूलचे कॅप्टनसाहेब आले. बोलणं कमी, मिशा जास्त. शहरावर पोचताच त्यांनी मुद्दाम इंजिन बंद केलं, खाली लाल पट्टा बघितला आणि नाक तिकडे वळवलं. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. विमान जमिनीच्या जवळ आलं तसे ढीग दिसले, माणसं दिसली, ट्रक दिसला. तोवर उशीर झाला होता. विमान आपटलं, स्क्रीन काळी.

"हे काय आहे?" कॅप्टननी विचारलं.

"मिरची आहे सर. मैदान मोकळं दिसतं, पण लोक काम करतात तिथे."

"आणि हे टोपीवाले?"

"त्या बाया आहेत सर."

मॅडम छताकडे बघत होत्या. कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "टोप्या काढा. बाकी राहू द्या. वरून सपाट दिसतं ते रिकामं नसतं, हेच पोरांना शिकवायचंय. मी स्वतःच फसलो." काम पास झालं. मी पर्मनंट झालो.

यातून शिकलो ते एवढंच. उपग्रह खोटं बोलत नाही, पण तो शिंकतही नाही. रेघ मारायच्या आधी एकदा जाऊन शिंकून यावं.

काकांना अजून वाटतं की त्यांनी विशेष काही केलं नाही. मी त्यांना एकदा खऱ्या विमानात बसवणार आहे, मिरची वाळत असेल त्या मोसमात. खिडकी त्यांची. मी स्वतः अजून विमानात पाय ठेवलेला नाही आणि उंचीची मला भीती वाटते. पण त्यांच्या शेजारची सीट मी घेईन, आणि साडूची पथारी आली की तेवढ्यापुरते डोळे उघडीन.