धारेचा दगड आणि बट्टीचा पाट

माझ्या सासरी, रनाळ्याला, भावकीतला कोणताही कार्यक्रम असो, जेवण एकच असतं. डाळ-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. त्यामुळे बायकांच्या बसायच्या जागाही ठरून गेल्या आहेत. बट्टी कापणाऱ्या दोघी-तिघी ओसरीच्या मधोमध, पंख्याखाली बसतात. लसूण सोलणाऱ्या मागच्या दाराशी, चपलांच्या शेजारी. मी लग्नानंतर बरीच वर्षं पंख्याखाली बसले. गेल्या वर्षी पुतण्याच्या घरभरणीला मला चपलांकडे पाठवण्यात आलं, आणि हे सगळं तिथून सुरू झालं.

ज्यांनी बट्टी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं जाडसर पीठ मळून त्याची पोळी लाटायची, तेल लावून तिची घट्ट वळकटी करायची आणि ती उकडायची. मग तिचे काप करून तळायचे. काप स्वच्छ झाला तर आतले पापुद्रे सुटे राहतात आणि बट्टी खुसखुशीत होते. बोथट सुरीने केला तर पापुद्रे दाबले जातात, काप एका बाजूला चपटा होतो, आणि तो तेल असं पितो की जेवणाऱ्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतं. त्या दिवशी माझ्या हातात आलेली सुरी इतकी बोथट होती की ती लहान मुलाला खेळायला दिली असती तरी चाललं असतं. मी जोर लावून काप करत होते. माझी मोठी जाऊ, जी आमच्या सगळ्या कार्यक्रमांची सेनापती आहे, येऊन माझ्यापुढे उभी राहिली. एक काप उचलून दोन बोटांत धरून तिने सगळ्यांना दाखवला.

"बँकवाली, तू बट्टी कापी ऱ्हायनी का दाबी ऱ्हायनी?"

बायका हसल्या. मी सुरीकडे बोट दाखवलं. तिने सुरीकडे पाहिलंसुद्धा नाही. "लसूनले बठ जाय," म्हणाली.

दोन टोपल्या लसूण सोलला. पुढचा आठवडाभर नखं झोंबत होती, आणि मी तळोद्याच्या ज्या बँकेत कामाला आहे तिथे माझ्या खिडकीपुढचं गिऱ्हाईक नेहमीपेक्षा एक पाऊल मागे उभं राहत होतं. मी ठरवलं, पुढच्या कार्यक्रमाला मी कापायलाच बसणार. पुढचा कार्यक्रम म्हणजे मोठ्या जावेच्या नातवाचं जावळ. तयारीला भरपूर वेळ होता.

आता कोणी म्हणेल, घरून आपली चांगली सुरी न्यावी. तो उपाय करून झाला होता. रनाळ्याला नेलेली सुरी परत येत नाही. माझ्या दोन सुऱ्या तिथे गेल्या. त्यांतली एक मी दर कार्यक्रमाला एका चुलत जावेच्या हातात बघते आणि ती दर वेळी सांगते की ही तिच्या माहेरची आहे. तेव्हा सुरी नेण्यात अर्थ नव्हता. धार न्यायला हवी होती. तिथली कोणतीही सुरी उचलायची, बसल्या जागी तिला धार लावायची, कामाला लागायचं. त्यासाठी मला असं काहीतरी हवं होतं जे पर्समध्ये मावेल, ज्याला वीज लागणार नाही, टेबल लागणार नाही आणि नवराही लागणार नाही.

शेवटची अट सगळ्यात अवघड ठरली. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. धारेचा विषय निघाल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कोन". धार म्हणजे दुसरं काही नसून कोन आहे, तो वीस अंशांचा असावा आणि पहिल्या घासणीपासून शेवटच्या घासणीपर्यंत तो बदलता कामा नये, असं त्याने मला रात्रीच्या जेवणात समजावलं. पानावर कांदा होता. तो कांदा मी मुठीने फोडला होता, कारण आमच्या घरातल्या सुऱ्यांनाही धार नव्हती. हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मी आधी फुकटातले उपाय बघितले. ओट्याच्या कडप्प्यावर सुरी घासणं हा सगळ्यांचाच पहिला उपाय असतो. आवाज छान येतो. काळं पाणी सुटतं, आपल्याला वाटतं काम झालं, आणि टोमॅटोवर सुरी ठेवली की ती घसरून पाटाला लागते. चिनी मातीच्या कपाचा तळ, जिथे चकाकी नसते ती खरबरीत कड, त्यापेक्षा पुष्कळ बरा. पण तो पर्समध्ये ठेवून मी एकदा बसने नंदुरबारला गेले आणि उतरले तेव्हा पर्समध्ये कान आणि तुकडे होते. सायकलवर चाक फिरवून धार लावून देणारा आमच्या गल्लीत येतो आणि काम झकास करतो. पण त्याला पर्समध्ये घालता येत नाही, शिवाय तो कधी येईल हे त्यालाही माहीत नसतं.

मग मोबाइलवरून एक यंत्र मागवलं. लाल प्लॅस्टिकचं, मधे खाच, खाचेतून सुरी ओढायची. दोन ओढींत सुरी कापायला लागली. मी खूश झाले. पुढच्या आठवड्यात तीच सुरी करवतीसारखी झाली आणि वांग्याची साल तिला अडकून सोबत यायला लागली. खाचेत बघितलं तर लोखंडाचा कीस पडला होता. ते यंत्र धार लावत नव्हतं, सुरी सोलत होतं. सोलण्याचं काम मला पुरे झालं होतं. यंत्र कपाटावर गेलं.

इथपर्यंत नवऱ्याने गप्प राहून मला चुका करू दिल्या. आता त्याने स्वतःची खरेदी जाहीर केली. एका पेटीत आलं ते. दोन चिमटे, तीन सळया, चार दगड, एक लोखंडी पाया आणि अंश दाखवणारी पट्टी. सुरी चिमट्यात आवळायची, दगड सळईवर चढवायचा, आणि मग हात कसाही हलला तरी कोन हलत नाही. जाहिरातीत हे सहज नेता येण्याजोगं आहे असं म्हटलं होतं. पेटी बाजाच्या पेटीएवढी होती. मी विचारलं, "अहो, हे कोण नेणार?" तो म्हणाला की आधी निकाल बघ.

निकाल चांगला होता, हे मान्य करते. पण जोडणीला अर्धा रविवार गेला. आमची विळी त्यात बसेना, कारण विळीला खाली पाट असतो, तेव्हा तो पाट सोडवायचा का यावर आमची चर्चा झाली. धार तपासायला त्याला टोमॅटो लागत. पातळ काप, त्याहून पातळ काप, मग असा काप की त्याच्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. त्याने खरंच वाचून दाखवलं. त्या आठवड्यात आम्ही टोमॅटोची कोशिंबीर, टोमॅटोचं सार, टोमॅटोची भाजी आणि शेवटी नुसतेच टोमॅटो खाल्ले.

शेवटी मी घेतला तो एक छोटा दगड. तळहाताएवढा, एक बाजू खरबरीत, दुसरी गुळगुळीत. माझ्या जुन्या चष्म्याच्या डब्यात तो बरोबर बसला, त्यामुळे तो निवडताना फार विचार करावा लागला नाही. त्याला पाण्याचे चार थेंब लागतात, बाकी काही नाही. सुरी दगडावर अशी धरायची की तिच्या पाठीखाली आपली करंगळी जेमतेम जाईल. पात्याच्या कडेला मार्करने काळी रेघ मारायची आणि घासायचं. रेघ सगळीकडून गेली तर हात बरोबर चालला आहे, वरच्या बाजूलाच गेली तर सुरी जास्त आडवी होते आहे. आधी खरबरीत बाजू, मग गुळगुळीत, शेवटी वर्तमानपत्रावर चारदोन उलट हात. नवऱ्याने माझी करंगळी मोजली आणि तो कोन वीसच्या थोडा खाली येतो असं सांगितलं. मी त्याला करंगळी परत मागितली.

सराव मी बँकेत, जेवणाच्या सुट्टीत केला, कारण घरात परीक्षक होता. पहिल्याच दिवशी दारातल्या बंदूकवाल्याने अडवलं. त्याचं म्हणणं, बँकेत सुरी आणायला मनाई आहे. मी म्हटलं, मी इथे नोकरीला आहे. तो म्हणाला, म्हणून तर जास्त काळजी वाटते. शेवटी असं ठरलं की सुरी त्याच्याजवळ राहील आणि मी त्याच्या स्टुलाशेजारी बसूनच घासेन. आठवडाभराने त्याने घरून बायकोचा चाकू आणला.

जावळाच्या दिवशी आम्ही सकाळी रनाळ्याला पोचलो. माझ्या पर्समध्ये चष्म्याचा डबा. नवऱ्याच्या हातात ती पेटी, कारण त्याला दोन्ही पद्धतींची तुलना करायची होती. मागच्या दाराशी लसणाच्या टोपल्या लागल्या होत्या, आणि मोठ्या जावेने मला बघून हनुवटीनेच तिकडची दिशा दाखवली. मी पाहिलंच नाही असं केलं. ओसरीवर गेले, ढिगातली सगळ्यात वाईट सुरी उचलली, वाटीत पाणी घेतलं आणि बसले. बायका बघायला लागल्या. धार लागल्यावर मी उकडलेल्या वळकटीचा एक काप केला आणि जावेपुढे ताटलीत ठेवला.

तिने तो उचलला, उलटा केला, पापुद्रे बोटाने मोजावेत तसे चाळवले. माझ्याकडे न बघता एका पुतणसुनेला म्हणाली, तू लसणाला जा. मी पंख्याखाली सरकून बसले. एवढ्यावर थांबलं असतं तर ही आठवण इथेच संपली असती.

पण तिने दगड बघितला होता. मला म्हणाली, जरा दाखव कसा धरतात. मी दाखवलं. करंगळीचं सांगितलं. तिची करंगळी माझ्यापेक्षा जाड आहे, तरी तिला दोन मिनिटांत जमलं. सुरीने वर्तमानपत्राची पट्टी सरळ उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तिने दुसरी सुरी मागवली. मग तिसरी. मग घरात जे जे कापतं ते सगळं, विळ्या, अडकित्ता, भोपळ्याचा कोयता. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. त्यामुळे प्रत्येक जण येऊन तिच्यापुढे काहीतरी ठेवून जात होता आणि उचलायला कोणी धजत नव्हतं, कारण ती "थांब, आजून नही" म्हणत होती. जावळाला आलेल्या न्हाव्याने हे बघून आपला वस्तरा खिशात घातला. नवरा पेटी घेऊन मदतीला गेला. तिने पेटीकडे पाहिलं आणि त्याला विचारलं, "भाऊ, हाई काय, बाजा वाजाडानी शे का?" तो पेटी मिटून मागच्या दाराशी जाऊन बसला, आणि मोकळा दिसला म्हणून त्याच्यापुढे लसणाची एक टोपली सरकवण्यात आली.

माझी अडचण वेगळी होती. जाऊ बसल्या जागेवरून माझ्या हाताकडे बघत होती. मी पाच-सहा काप केले की ती म्हणायची, दे ती सुरी, धार उतरली. उतरलेली नसायची. मी खाली ठेवायचे, ती उचलायची, आणि सुरी परत यायची नाही. असं करता करता ओसरीवर कापायला बसलेल्या आम्हा तिघींच्या हातात काही उरलं नाही. उकडलेल्या वळकट्यांची परात भरलेली, आणि अंगणात कढईतलं तेल तापून धुरायला लागलेलं. बट्टी तळायला बसलेल्या चुलत दिराने हाक दिली. मग दुसरी हाक दिली, जरा मोठ्याने. मी जावेकडे एक तरी सुरी मागितली. तिने मान वर न करता सांगितलं, "दम धर वं."

काप गेले नाहीत तर बोलणी कापणाऱ्यांना बसतात, धार लावणाऱ्यांना नाही. पंख्याखालची जागा मिळून अर्धा तास झाला नव्हता आणि ती पुन्हा जाणार हे मला दिसत होतं. शेजारी पिठाचं रिकामं पोतं पडलं होतं. त्याच्या तोंडाची शिवण अर्धी उसवलेली होती. मी टोक धरून ओढलं, हातभर पांढरा दोरा निघाला. तो वाटीतल्या पाण्यात धुतला, वळकटीखालून घातला, वर दोन्ही टोकं एकमेकांवरून फिरवली आणि ओढली. काप पडला. पापुद्रे जसेच्या तसे. दाब म्हणून नाही, कारण दाबायला काही नव्हतंच.

बाजूच्या दोघींनी आपापले दोरे काढून घेतले. परात रिकामी होत गेली. कढईकडे पहिलं ताट गेलं, दुसरं गेलं, हाका थांबल्या.

शेवटच्या वळकटीला जाऊ आली. हातात लखलखणारी सुरी. तिने आधी परात बघितली, मग माझ्या बोटांत गुंडाळलेला दोरा. एक काप उचलून उजेडाकडे धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मी म्हटलं, मोठ्या बाई, सुऱ्या सगळ्या तुमच्याकडे होत्या.

"मंग मी इतली धार कसाले लावी?"

मी म्हटलं, गंगाफळ चिरायचं राहिलंय. सालीला दोरा चालणार नाही.

ती सुरी घेऊन तिकडे वळली. दोन पावलं गेली, थांबली, आणि लसणाच्या दाराकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही बठी ऱ्हाऊ दे आठेच. आखो कोनी उठाडू नका."

मी उठले नाही. जेवणाची पंगत बसेपर्यंत कापायला काही शिल्लक नव्हतं, तरी मी पंख्याखालीच बसून राहिले, आणि कोणी पाणी मागितलं तर दुसरीला सांगितलं.