दुसरीच्या ओठांवरचं गाणं

सिंगापुरात बिशानच्या त्या जुन्या ब्लॉकमध्ये थंकमणी टीचरांचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी सांगत. एक, टीचर कर्नाटक संगीत फार मन लावून शिकवतात. दुसरी सांगताना मात्र गालातल्या गालात हसत. म्हणे, टीचर लहानपणी मल्याळम सिनेमात गायल्यात!

हसणाऱ्यांना तरी काय बोलायचं? पुरावा होता कुठे! सिनेमाची प्रत कधीच नाहीशी झालेली. तबकडी निघाली होती, पण तिच्यावर गाणारीचं नाव घालायची त्या कंपनीची रीतच नव्हती. नाव घातलं ते सिनेमातल्या पात्राचं. म्हणजे गायली थंकमणी आणि नाव झालं कथेतल्या नावाड्याच्या पोरीचं, जी बिचारी कधी जन्मालाच आली नव्हती. आता काय म्हणावं या कारभाराला!

हर्षा मात्र हसली नाही. ती मूळची नागपूरची, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअर सांभाळायची. तिचे बाबा, शिवदास, चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टी घेऊन वस्त्यावस्त्यांतून गायचे, त्यामुळे गाणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची तिला घरचीच सवय. तिने लेकीला, दीप्तीला, टीचरांकडे घातलं. लेक महिन्याभरात कंटाळली आणि आई चिकटली ती चिकटलीच.

शनिवारी दुपारी टीचरांच्या फ्लॅटमध्ये वेळ जरा पेंगतच चालायचा. तंबोऱ्याचं यंत्र गुणगुणत असायचं, खालून एमआरटीची गाडी जायची, पडदे हलायचे. धडा संपला की टीचर डोळे मिटून बोलायला लागत आणि हर्षाला वाटायचं, आपण सिंगापुरात नाहीच आहोत. मद्रासच्या एका स्टुडिओत आहोत. एकच माईक, त्याच्याभोवती वाजवणारे, आणि मध्ये पंधरा-सोळा वर्षांची, केसात मोगरा माळलेली पोर.

"समोर स्टुलावर नायिका बसायची," टीचर सांगत. "माझ्या ओठांकडे टक लावून. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून दिग्दर्शक मला म्हणाले, ती श्वास घेईल तिथेच तू घ्यायचा, नाहीतर पडद्यावर तिचं तोंड मिटलेलं आणि गाणं चालू! मग काय, मी तिच्या छातीने श्वास घ्यायला शिकले."

पुढे सिनेमा त्रिचूरला लागला. टीचर आईबरोबर बघायला गेल्या. आपला आवाज दुसऱ्याच बाईच्या तोंडातून येताना ऐकला आणि शेजारची बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, काय गाते गं ही नटी! टीचर हसून हो म्हणाल्या. मग लग्न झालं. नवरा सेंबवांगच्या नौदल तळावर कारकून होता, त्याच्यामागून बोटीने इथे आल्या. सासरी सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. मुलं मोठी झाली, नवरा गेला, तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. तोवर ऐकून घेणारं कोण उरलं होतं?

मागच्या वर्षी टीचरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि वरचे सूर गेले. नेमकं यंदाच इथल्या एका मल्याळी मंडळाने ओणमला जुन्या सिनेगीतांचा कार्यक्रम ठरवला. मंडळाचे सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "टीचर, तुमचं ते गाणं तुम्हीच गा की! आम्हालाही कळू दे." बोलण्यात आदर होता, पण थोडी गंमतही होती. टीचरांनी ती ओळखली आणि हो म्हणून बसल्या.

शनिवारी हर्षा आली तर बाई खिडकीशी बसलेल्या.

"मोळे," त्या म्हणाल्या. लेकीला मल्याळममध्ये अशी हाक मारतात. हर्षाला त्या तशीच मारत. "एकदा, फक्त एकदा, हे गाणं माझ्या तोंडातून निघताना लोकांनी बघावं, असं फार वाटतं गं. आवाज फाटला तर म्हणतील, म्हातारी आयुष्यभर थापा मारत होती. तू पडद्यामागून गा. मी ओठ हलवेन."

हर्षा चाटच पडली. तिच्या माहेरी भर चौकात माईकसमोर उभं राहून गायचे सगळे. लपून गाणं ही काय भानगड! पण टीचरांचा चेहरा बघून तिच्याने नाही म्हणवेना.

दीप्तीला कळलं तेव्हा ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "मम्मी, दॅट्स चीटिंग, लाह!"

"तू गप बस," हर्षा म्हणाली. चीटिंग तर होतंच ते, तिला का कळत नव्हतं?

तालीम सुरू झाली आणि दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. गाणं हर्षाला कधीचं येत होतं, पण आता टीचर समोर स्टुलावर बसत आणि ओरडत, "इतका लांब श्वास? या वयात मी मरेन ना! तोड तिथे!" हर्षा तोडायची. ओळीच्या मध्येच थांबायची, दमल्यासारखा सूर सोडायची. हळूहळू तिला ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या छातीने गाता येऊ लागलं. कधी कधी गाता गाता तिला कळेनासं व्हायचं की आवाज नक्की कुठून येतोय, इकडून की स्टुलावरून. टीचरांचे ओठ तर असे हलत की बघत राहावं. त्या दिवसांत बाई दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या होत्या.

कार्यक्रमाच्या सकाळी हॉल भरला होता. सोनेरी काठाच्या कसवाच्या साड्या, फुलांची रांगोळी, पायसम खिरीचा वास. टीचर मंचावर खुर्चीत बसल्या, बाजूच्या पडद्याआड हर्षा माईक धरून उभी. सेक्रेटरींना सांगितलं होतं की ती तंबोऱ्याचं यंत्र सांभाळणार आहे.

हर्षाने डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिली ओळ, तिथे श्वास. दुसरी ओळ, तिथे श्वास. नदी, संध्याकाळ, न आलेली नाव. कुणीतरी हुंदका दिला. हर्षाला आत भरून आलं. अखेर मानलं बाईंना लोकांनी, असं तिला वाटलं आणि ती गातच राहिली.

मग कुजबुज सुरू झाली. तिने डोळे उघडले.

टीचरांनी तोंड मिटून घेतलं होतं. घट्ट. सगळ्या हॉलसमोर त्या पडद्याकडे वळून बसल्या होत्या आणि हर्षाला हाताने बोलावत होत्या. हर्षाचा सूर अर्ध्यातच थांबला. ती पुढे येईना, तेव्हा टीचर स्वतः उठल्या, खुर्चीला धरत धरत आल्या आणि तिला मनगट धरून उजेडात घेऊन गेल्या.

"गात होती ती ही," आपल्या फाटक्या आवाजात त्या माईकवर म्हणाल्या. "माझी शिष्या. हर्षा नाव हिचं."

लोक आधी गोंधळले, मग हसले, मग टाळ्या वाजवायला लागले. हर्षाने माईकवर हात ठेवला. तिला रडू आवरत नव्हतं.

"टीचर, हे काय केलंत? आता कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवणार नाही तुमच्यावर!"

"नको ठेवू दे," टीचर हळूच म्हणाल्या. "तो हुंदका ऐकलास ना? तो तुझा होता गं. तो मी कसा घेऊ? पडद्याआड काय वाटतं, ते मला माहीत आहे. पुढचं कडवं राहिलंय, म्हण. आणि आता स्वतःच्या छातीने म्हण."

हर्षाने म्हटलं. शेवटची ओळ तिने कुठेही न तोडता एका दमात म्हटली. लोक उभे राहिले. सेक्रेटरींनी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि टीचरांना म्हणाले, "छान शिकवलंत हो. मूळ गाणं कुणी गायलं होतं, कुणास ठाऊक!"

टीचर हसून हो म्हणाल्या.