नारळाची झाडं असलेला तलाव

परवा गावच्या बाजारात गेलो आणि डोकंच फिरलं. तिरोड्याजवळ आमचं गाव. नोकरीपायी मी गोंदियात राहतो, पण मासोळी घ्यायची ती गावच्या तलावाचीच, हे घरात ठरलेलं आहे.

कौशल्यामावशीचा नवरा त्या तलावात जाळं टाकतो आणि मावशी बाजारात विकते. मरळ ती जिवंतच आणते, मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तलावाच्याच पाण्यात. परवा गंज काठोकाठ भरलेला होता आणि समोर एक गिऱ्हाईक नव्हतं...

कारण मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ. काठावर मेलेल्या मासोळ्यांचा खच, आणि वरून एका माणसाचा आवाज... आपल्या गावच्या तलावातील मासे खाऊ नका, धानावरचं विषारी औषध पाण्यात उतरलं आहे, लहान मुलं दवाखान्यात आहेत.

मलाही आला होता. नीट पाहिला, तर मागे नारळाची झाडं! अरे, आपल्या तलावाच्या पाळीवर, बांधावर मोह आहे, जांभूळ आहे... नारळ कधी लावला कोणी? दवाखान्यात विचारलं, एकही लेकरू भरती नव्हतं.

हे सगळं गावच्या ग्रुपवर लिहिलं. दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं. एकानं लिहिलं, "तुमचं बरोबर असन भाऊ, पर रिस्क काऊन घ्यायची?"

प्रचार म्हटलं की मला भोंगे, झेंडे आठवायचे. तसलं काही लागत नाही हो... खोटं एकजण बनवतो, गावभर फिरवतात आपलीच माणसं. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारे काका, शाळेतले गुरुजी, माझी सख्खी वहिनी.

आणि सोबत ती एक ओळ... 'खरंखोटं माहीत नाही, पण सावध राहा.' म्हणजे खोटं निघालं तरी हात झटकायला मोकळे. या ओळीचा मला भयंकर संताप येतो.

यंदा तलावाचा ठेका नव्यानं निघणार आहे. आजवर तो गावच्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सोसायटीकडेच होता. मासोळी विकलीच नाही तर ते ठेका घेतील कशाच्या जोरावर? बाहेरचे टपलेलेच आहेत. व्हिडिओ कोणी बनवला मला माहीत नाही... पण तो कोणाच्या कामाचा आहे, हे गावात सगळ्यांना कळतं.

मी मरळ घेतली. मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "मावशी, व्हिडिओ खोटा आहे. तिथं नारळाची झाडं आहेत."

"मले नाही मालूम का जी?" मावशी मरळ साफ करत म्हणाली. "जलम गेला या पाण्यात."

मग हळूच म्हणाली, "पर काल नातवाले नाही देलं खायले. हात मांगंच येऊन राहिला..."

गंजात मरळी धडपडत होत्या, चांगल्या ठणठणीत. त्यांच्याकडे बघवेना.

तर मंडळी, ज्यांनी ज्यांनी काळजीपोटी तो व्हिडिओ पुढे पाठवला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार... कौशल्यामावशी सावध झाली आहे.