रबरानं फक्त आवाज गेला

माझं कोपर दुखायला लागलं तेव्हा नवरा म्हणाला, "रॅकेटला डॅम्पनर लाव." तो शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळं खेळातलं आपल्यालाच सगळं कळतं असा त्याचा समज. नांदेडहून त्यानं बोटाच्या पेराएवढं रबर आणलं आणि तारांमध्ये खालच्या बाजूला अडकवलं. आधी चेंडू लागला की टण्ण वाजायचं, मग नुसतं थप. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

मी नर्स आहे. कळमनुरीच्या पुढं एका आरोग्य केंद्रात कितीतरी वर्षं बाळंतपणं करते. सकाळी हिंगोलीत तासभर टेनिस खेळायचं नि मग ड्युटीला जायचं, एवढीच माझी चैन. ह्या वयात कशाला, असं विचारणाऱ्यांना मी चांगलं सुनावलेलं होतं. त्यामुळं दुखतंय म्हणून खेळ सोडणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं.

रबर लावल्यावर मी जास्तच जोरात खेळायला लागले. दुखणं कमी झालं असं सगळ्यांना सांगत होते, स्वतःलासुद्धा. पण घरी कुकरचं झाकण फिरवता येईना. इंजेक्शन भरताना बोटं मधेच ढिली पडायची. एकदा चहाचा कप हातातून सुटला, तर मी पोरीवरच खेकसले, "मधे काहून आलीस?" ती बिचारी दारात उभी होती.

शेवटी एका सकाळी मी दोन्ही कानांत कापूस कोंबला. नवऱ्याला म्हटलं, रबर कधी काढ, कधी लाव, मला दाखवू नको. असे दहा-दहा चेंडू मारत गेले. रबर आहे की नाही, मला एकदाही धड सांगता आलं नाही. कळ मात्र दर वेळी तीच, कोपरापासून मनगटापर्यंत.

"म्हंजे नुसतं कानाला बरं वाटून राहिलं होतं तुला," नवरा म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. मला खरंच भीती वाटली. हात आतून बिघडत चालला होता आणि आवाज गेला म्हणून मी निवांत होते.

त्याच दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर बाळंतपणाच्या खोलीतून काढून मला कागदं लिहायला बसवलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. अजून चालतोय ना हात, म्हणत राहिले.

आठ दिवसांनी जवळच्या खेड्यातली एक पहिलटकरीण आली. डोकं आलं, खांदे आले, आणि ओलं लेकरू हातात घेताना माझ्या उजव्या हाताची पकडच गेली. लेकरू घसरलं. मी टेबलाला टेकून उभी होते म्हणून ते माझ्या पोटाशी अडकलं, तिथून डाव्या हातानं धरलं. मग ते रडलं. कुणालाच काही दिसलं नव्हतं.

दुपारी बघायला गेले तर त्या आईनं लेकरू कौतुकानं माझ्यापुढं केलं. "सिस्टर, तुमच्या हाताला गुण हाय. पुढल्या महिन्यात माझ्या बहिणीचं हाय. ते बी तुमच्याच हातानं होऊ द्या."

लेकराला घ्यायला मी हात पुढं केला नाही.

"न्हाई," मी म्हटलं. "सकाळी तुझं लेकरू माझ्या हातातून सुटलं होतं."

तिनं पुढं केलेलं लेकरू मागं ओढलं आणि पदराखाली घेतलं.